फौजदारासाठी स्थळ

अक्का गेल्याचा फोन तिच्या घरी राहणाऱ्या रेवतीने केला. मी साताऱ्यात, दुपारचं जेवण आटोपून, वर्तमानपत्राच्या श्रद्धांजलीच्या पानावर आज कोण कोण 'अजातशत्रू' होतं ते वाचत बसलो होतो. "मामा, आज्जी गेल्या," ती म्हणाली, "च्या पीत होत्या. कप बशीत नीट ठेवला, आन् मान टाकली. मी बघितलं सगळं. काय करण्याजोगं न्हवतं." रेवती मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे, तेव्हा तिने बघितलं म्हणजे बघितलं. "घाईनं येऊ नका," तिने वर सांगितलं, "तुमी पडलात म्हंजे आनी एक."

अक्का माझी थोरली बहीण. अजातशत्रू ती अजिबात नव्हती. माधवनगरच्या तिच्या घरात पुढच्या खोलीत तिने आयुष्यभर वधूवर सूचक केंद्र चालवलं, आणि त्या धंद्यात शत्रू होणारच. पत्रिका ती हातात घ्यायची आणि पंखा म्हणून वापरायची. मुलाच्या आईला तिचा पहिला प्रश्न असायचा, "रागावला की काय करतो? बोलतो, की जेवण सोडतो?" पगार, शेत, फ्लॅट हे सगळं नंतर. बोलणारा मुलगा आणि जेवण सोडणारी मुलगी असं ती कधी जमवायची नाही, म्हणायची, "एकजण बोलून मोकळा होईल आणि दुसरी उपाशी मरेल." शोकसभेत यातलं कोणी काही सांगितलं नाही. तिथे मोठा फ्लेक्स होता, त्यावर अक्काचा असा फोटो होता की तिने तो पाहिला असता तर फ्लेक्सवाल्याचंही लग्न मोडलं असतं. अध्यक्षांनी 'न भरून येणारी पोकळी' दोनदा निर्माण केली. त्यांच्या चिरंजिवांसाठी स्थळ सुचवायला अक्काने एकेकाळी साफ नकार दिला होता, ते मात्र ते मोठ्या मनाने विसरले. सगळे तिने जमवलेल्या लग्नांबद्दल बोलले. तिने जमवलेल्या सर्वांत अवघड सोयरिकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण त्या सोयरिकीतला नवरदेव मासा होता. म्हणून हे लिहायला बसलो.

मासा आणला तिच्या मुलाने, गिरीशने. ऑस्कर जातीचा. दुकानात घेतला तेव्हा काडेपेटीएवढा होता, आणि दुकानदाराने 'हा एवढाच राहतो' असं सांगितलं होतं, जे दुकानदार नेहमीच सांगतात. वर्षभरात तो भाकरीएवढा झाला. काळा, अंगावर विस्तवासारखे नारिंगी पट्टे, आणि कपाळाखाली दोन डोळे असे की समोरच्याला आपोआप आपली कागदपत्रं आठवावीत. गिरीश नोकरीसाठी पुण्याला गेला. तिथल्या फ्लॅटमध्ये भलीमोठी टाकी मावेना, म्हणून मासा 'काही दिवसांसाठी' आईकडे राहिला. भाऊजी जाऊन फार दिवस झाले नव्हते. अक्काने टाकी पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या सोफ्यासमोर ठेवली. मुलाकडची मंडळी आली की तो काचेला येऊन एकेकाला न्याहाळायचा, आणि बढाया मारणारे बाप अडखळायला लागायचे. "हा आपला फौजदार," अक्का ओळख करून द्यायची. नाव तेच पडलं.

फौजदार एकटा होता. गिरीशने आधी त्याच्यासोबत जे जे ठेवलं ते ते त्याने खाल्लं किंवा मारलं. मिरजेच्या दुकानदाराने हात वर केले, "मावशी, ह्यो एकटाच ऱ्हानार. कुनाला टिकू देत न्हाई." अक्काने त्याला सांगितलं, "असं मला लोकांनी कितीतरी मुलांबद्दल सांगितलंय. त्यांची पोरं आता शाळेत जातात." मला फोन करून म्हणाली, "बाळू, फौजदारासाठी स्थळं बघतेय." मी म्हणालो, "पत्रिका बघितलीस का?" तर तिने फोन ठेवला.

आणि मग तिने जी चूक केली ती लग्नं जमवणारा माणूसच करू जाणे. तिने तोलामोलाचं स्थळ बघितलं. त्याच्याएवढाच आकार, तेच दक्षिण अमेरिकेचं माहेर, तेच सिक्लिड नावाच्या माशांचं घराणं, अंगावर हिरवट-निळी झाक, दिसायला देखणा. दुकानात त्याचं नाव 'ग्रीन टेरर' होतं. नावाकडे बघायचं नसतं, असं अक्काचं मत. टाकीत सोडल्यावर दोघांनी तोंडात तोंड अडकवून जी झोंबाझोंबी केली, ती बघून सोफ्यावर बसलेल्या एका मुलीच्या वडिलांनी चहा अर्धा ठेवला आणि 'कळवतो' म्हणून निघून गेले. ग्रीन टेरर परत दुकानात गेला, फाटक्या परांनिशी. मग अक्का दुसऱ्या टोकाला गेली. गरीब स्वभावाचं स्थळ. लांब पदरासारख्या शेपटीचा, हळू पोहणारा गोल्डफिश. त्याची शेपटी संध्याकाळपर्यंत गेली. उरलेला अक्काने बादलीत काढून शेजाऱ्यांच्या हौदात सोडला.

मी त्या सुमारास तिच्याकडे गेलो होतो. ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती आणि माझ्याकडे न बघता बोलत होती. "बरोबरीचा दिला तर भांडण. गरीब दिला तर घास. मग द्यायचा कसला?" मी आपलं वाचलेलं काहीतरी सांगितलं, आणि तिने ते ऐकलं नाही. बराच वेळ बसून मग म्हणाली, "ज्याला ह्याचं काही पडलेलंच नाही, असा पाहिजे. भांडणार नाही, आणि घाबरणारही नाही. त्याचं जेवण वेगळ्या ठिकाणी, झोपायची जागा वेगळी. आणि तोंडात मावणार नाही एवढा थोराड." मी म्हणालो, "असा नवरा तू कुणाला शोधून दिलास का?" "दिलेत की," ती म्हणाली, "तेच संसार टिकलेत."

तिने सिल्व्हर डॉलर माशांचा थवा आणला. चांदीच्या ताटल्या उभ्या धराव्यात तसे ते दिसतात. पाला खातात, मधल्या पाण्यात राहतात, आणि जातील तिथे सगळे मिळून जातात. तळाला एक सकर. खडबडीत चिलखत घातलेला, काचेवरचं शेवाळ चाटत फिरणारा, कुणाशी घेणंदेणं नसलेला. पण खरी गोष्ट तिने त्यांना सोडण्याआधी केली. टाकीतले सगळे दगड, लाकडाचा ओंडका, मातीची फुटकी कुंडी, जे जे म्हणून फौजदाराच्या हद्दीची खूण होतं, ते सगळं उचलून तिने नव्याने मांडलं. "सून घरात यायच्या आधी सासूचा पलंग हलवला पाहिजे," तिने मला समजावलं, "नाहीतर सून जन्मभर पाहुणीच राहते." फौजदाराला हे बिलकूल आवडलं नाही. तो तळाशी जाऊन चक्क कुशीवर आडवा पडला. मेला की काय, म्हणून मी घाबरलो. अक्का म्हणाली, "रुसलाय. बोलू नकोस त्याच्याशी."

रुसवा उतरल्यावर तो उठला आणि त्याने थव्यावर चाल केली. थवा फुटला, त्याच्या दोन्ही बाजूंनी निघाला आणि मागे जाऊन पुन्हा एक झाला. त्याने वळून पुन्हा चाल केली. पुन्हा तेच. उलट कुणी चावेना, आणि कोपऱ्यात कुणी लपूनही बसेना. भांडायला समोर कुणीतरी लागतं. असं दोन-तीन दिवस चाललं, अक्का रोज दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाकत होती, म्हणजे ताटावरून तंटा नको. आणि एका सकाळी फौजदार थव्याच्या मधोमध, सभेला आल्यासारखा, शांतपणे तरंगताना दिसला. अक्काने मला फोनवर एकच शब्द सांगितला, "जमलं." लग्न ठरल्यावर सांगायची तसाच. मिरजेच्या दुकानदाराला तिने पेढे पाठवले.

ही बातमी गावात पसरली. एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या संगमरवरी दिवाणखान्यात फ्लॉवरहॉर्न होता. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा भाग्य आणतो असं मानतात, आणि वास्तुतज्ज्ञाने त्याची टाकी कुठल्या कोपऱ्यात ठेवायची हेही ठरवून दिलं होतं. गृहस्थ अक्काला गाडीतून घेऊन गेले. "आमच्या घराण्याला साजेसा जोडीदार सुचवा," म्हणाले. अक्काने मासा बघितला, घर बघितलं, गृहस्थांना बघितलं. "साजेसा नको, सोसेल असा बघा," म्हणाली, "आणि नाही मिळाला तर एकटं राहू द्या. काहींना भाग्यच पुरतं."

मग अक्का पडली. न्हाणीघरात, तिन्हीसांजेला. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेला शस्त्रक्रिया झाली, आणि ती काठी घेऊन घरी आली तेव्हा गिरीश पुण्याहून निर्णय घेऊनच आला होता. आईने पुण्याला यायचं. केंद्र बंद करायचं. घराचं पुढे बघू. गिरीश वाईट मुलगा नाही. रात्री फोन वाजला की तो उचलायच्या आधी गाडीची किल्ली शोधायचा, एवढंच. "आणि फौजदार?" अक्काने विचारलं. "देऊन टाकू कुणाला तरी. दुकानवाला घेईल." अक्काने काठी जवळ ओढली. तो बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "माशाला देऊन टाकतील. मला नेऊन ठेवतील. आमच्या दोघांत फरक कुठला, बाळू?" मी तिला आयुष्यात कधी घाबरलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी तिची काठी जमिनीवर ठकठक वाजत होती, आणि ती चालत नव्हती, बसलेली होती.

शेवटी तह झाला. घरात कायमचं सोबतीला कुणी राहिलं, तर अक्काने माधवनगरलाच राहायचं. नाही जमलं तर दिवाळीनंतर पुणे. सोबतीण गिरीशनेच शोधली. निवृत्त मुख्याध्यापिका, अक्काच्याच वयाच्या, शिस्तीच्या, वाचन वगैरे असलेल्या, एकट्या. कागदावर बघितलं तर छत्तीस गुण जमत होते. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या यावर मतभेद झाला. पुढे तुळशीला पाणी कुणी घालायचं, खिडकी उघडी की बंद, आणि 'स्वल्पविराम' हा उच्चार अक्का बरोबर करते का... आठवड्याभरात त्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि माशामार्फत बोलू लागल्या. "फौजदार, त्यांना सांगा, दूध उतू चाललंय." "फौजदार, त्यांना सांगा, आम्हालाही डोळे आहेत." बाई बॅग भरून गेल्या. गिरीश तावातावाने आला, म्हणाला, "आई, इतकी चांगली बाई तुला चालत नाही म्हणजे तुझं कुणाशीच जमणार नाही." अक्का टाकीकडे बोट करून म्हणाली, "अरे, तू माझ्यासाठी ग्रीन टेरर आणलीस."

त्यानंतर स्थळं तिने स्वतः बघितली. स्वतःसाठी. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न आता घरात राहायला येऊ पाहणाऱ्या बायकांना विचारू लागली. 'हो आज्जी, हो आज्जी' करणाऱ्या एका मुलीला तिने चहा पाजून परत पाठवलं. "गिळली असती मी तिला," म्हणाली. रेवती आटपाडीकडची, घरची मेंढरं, भाऊ अजून रानोमाळ हिंडणारे, ही शिकून मिरजेला नोकरीला लागलेली, बहुतेक रात्रपाळी. मी त्या मुलाखतीला हजर होतो.

"जेवायला काय लागतं?" अक्काने विचारलं.

"आसंल ते."

"माझं ऐकशील?"

"पटलं तर."

"आणि नाही पटलं तर?"

"दिसभर झोपलेली आसतीया मी, आज्जी. ऐकायला येनारच न्हाई."

"ये राहायला," अक्का म्हणाली.

दुसऱ्या सुशीलाबाई. माधवनगरच्याच, पूर्वी गिरणीत कामाला होत्या, गिरणी बंद पडल्यावर साड्यांना फॉल-पिको करून राहिलेल्या. मुलगा-सून मुंबईला. त्यांच्या मशिनची खडखड चालू असली की त्यांना जगातलं दुसरं काही ऐकू येत नाही, आणि ती बहुतेक वेळ चालू असते. अक्काला हा गुण सर्वांत मोठा वाटला. पण त्या दोघी यायच्या आधी तिने गिरीशला पुण्याहून बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून घर हलवून घेतलं. स्वतःचा पलंग, ज्या खोलीत तिचं लग्न झाल्यापासून होता, तिथून काढून पुढच्या खोलीत, टाकीशेजारी. आपली मोठी खोली रेवतीला, कारण तिथे दिवसा अंधार करता येतो. मागची पडवी मशिनला. देवघरसुद्धा स्वयंपाकघरातून माजघरात गेलं. गिरीश घामाघूम होऊन म्हणाला, "आई, तुझं घर आहे हे. तू कशाला खोली सोडतेस?" अक्का म्हणाली, "सोडली नाही तर ते माझं घर राहील आणि त्या पाहुण्या. पाहुणे टिकत नाहीत." त्या रात्री ती नव्या जागी बिलकूल झोपली नाही, असं तिने नंतर कबूल केलं. दोन दिवस कुणाशी बोललीही नाही. सुशीलाबाईंनी काळजीने मला फोन केला. मी सांगितलं, "रुसली आहे. बोलू नका तिच्याशी."

आणि मग ती वर्षं आली... लोक म्हातारपणाला संध्याकाळ वगैरे म्हणतात. अक्काची ती भर दुपार होती. दिवाळी आली आणि गेली, पुण्याचं नाव निघालं नाही. केंद्र पुन्हा जोरात सुरू झालं. रेवती सकाळी पाळीवरून यायची, अक्काचं ब्लडप्रेशर बघायची, 'मीठ कमी करा' सांगायची, अक्का मीठ कमी करायची नाही, रेवती झोपायची. सुशीलाबाई पहाटे उठून तिघींचं कालवण टाकून मशिनला बसायच्या. तिघी एकत्र जेवल्याचं मला आठवत नाही, आणि तिघी भांडल्याचंही. मी गेलो की अक्का म्हणायची, "बघ, कुणाचं कुणाला काही पडलेलं नाही. किती छान चाललंय." ती तापाने फणफणली तेव्हा मात्र रेवतीने पाळी बदलून घेतली आणि सुशीलाबाईंची मशिन तीन दिवस गप्प होती. ते अक्काने मला सांगितलं नाही. दोघींनीही नाही. शेजारच्यांनी सांगितलं. अक्का तिच्या घरात, तिने निवडलेल्या माणसांत, स्वतःच्या हाताने कप बशीत ठेवून गेली. याला पोकळी म्हणत असतील तर म्हणोत.

दिवस झाल्यावर प्रश्न उरला घराचा. गिरीशने अवघडून सांगितलं की घरचं कुणीच नाही, तेव्हा महिनाअखेर घर बंद करून विकायला काढावं. रेवतीला आणि सुशीलाबाईंना जागा बघायला तो मदत करेल. सुशीलाबाई पदराच्या टोकाशी खेळत बसल्या. त्यांना जायला खरोखर जागा नव्हती. रेवती म्हणाली, "घरचं मानूस पायजे व्हय? मग मामा हायत की. साताऱ्यात एकलंच पुस्तकं चाळत बसलेलं असत्यात." गिरीश हसला. मग कुणीच हसेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते खरंच विचारत आहेत. विचारत होते म्हणणंही बरोबर नाही. स्थळ बघत होते.

"आवं भाऊ, सकाळी न्हाणी कवा लागती?" सुशीलाबाई.

"उशिरा."

"बोलायची सवं किती?" रेवती.

"विचारलं तर."

"आन् न विचारता?"

"न विचारता लिहितो."

"ते चालंल. त्याचा आवाज होत न्हाई." तिने सुशीलाबाईंकडे बघितलं. सुशीलाबाई म्हणाल्या, "मीठ खातात का बगा." मी म्हणालो, "कमी." गिरीश म्हणाला, "मामा, तुम्हाला तिथे करमलं तर घर ठेवू. मला बंद घराची भीती वाटते, माणसांची नाही. पण एक महिना बघू."

म्हणून मी आलो. माझी पुस्तकं मावतील तेवढी आली, बाकीची साताऱ्यात ग्रंथालयाला गेली. मी आयुष्यभर तिथेच नोकरी केली, तेव्हा ती माहेरी गेल्यासारखीच. दोघींनी मला सामावून घेतलं, म्हणजे माझ्याकडे पूर्ण दुर्लक्ष केलं. घेतलं नाही ते एकट्या फौजदाराने. अक्का गेल्यापासून तो खात नव्हता. तळाशी कुशीवर पडलेला असायचा. चांदीचा थवा त्याच्यावरून हळूच सरकत जायचा, आणि सकर त्याच्या शेपटीशी येऊन काच चाटत बसायचा. मी गोळ्या टाकल्या. तो वर आला, एक तोंडात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि थुंकली. मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे, इतकी स्वच्छ वाचली नव्हती. मी गोळ्यांचा प्रकार बदलला, गोड बोललो, काचेशी नाक लावून बसलो. त्याचे नारिंगी पट्टे फिकुटले होते. महिना संपत आला. गिरीशने एका दलालाला घर बघायला रविवारी यायला सांगितलं आहे, हे त्याने मला पडत्या आवाजात फोनवर सांगितलं. नुसतं बघून ठेवायला, म्हणाला.

रविवारी सकाळी गिरीश आला. सुशीलाबाईंनी चहा दिला, मशिन थांबवून माझा टाकीसमोरचा उद्योग थोडा वेळ बघितला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी लय आर्जवं करताय. त्याच्याकडं बगूच नका. पेपर वाचा." मी अक्काच्या खुर्चीत बसलो, पेपर उघडला, आणि न बघता मुठीतल्या गोळ्या दोन्ही टोकांना टाकल्या. श्रद्धांजलीचं पान होतं. एक अजातशत्रू वाचून झाले, दुसरे सुरू केले. पाण्यावर थपकन आवाज झाला. मग पुन्हा एक. गिरीश कप हातात धरून तसाच उभा राहिला. "मामा," तो हळूच म्हणाला, "गिळतोय." मी पेपर खाली घेतला नाही. सुशीलाबाईंनी आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन हाक दिली, "रेवते, उठ गं, फौजदार जेवला." आतून झोपेतला आवाज आला, "मग आता मला झोपू द्या की."

गिरीशचा फोन वाजला. दलाल होता, कोपऱ्यावर येऊन पत्ता विचारत होता. गिरीश टाकीकडे बघत होता. "नाही हो," तो म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास झाला. घर रिकामं नाहीये... हो, राहतात. सगळे राहतात." फोन ठेवून त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. थवा वरच्या पाण्यात पाला कुरतडत होता. फौजदार काचेला येऊन उभा होता, गिरीशला न्याहाळत होता, आणि त्याला आणखी हवं होतं.